नवरा सहा फूट दोन, बायको चार फूट अकरा: दोघांच्या अंगाला बसेल अशी एक गाडी कशी शोधायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमची उंची ६ फूट २ इंच, वजन १०८ किलो. पत्नीची उंची ४ फूट ११ इंच. गाडी दोघंही चालवणार, तुम्ही ऑफिसला आणि त्या मुलांच्या शाळा-क्लासला. आईंचे गुडघे दुखतात, त्यांना चढता-उतरता आलं पाहिजे. बजेट ऑन रोड १४ लाख. तीन शोरूम पालथ्या घातल्या आणि तिन्हीकडे एकच सल्ला मिळाला की तुमच्या पर्सनॅलिटीला एसयूव्हीच शोभेल.

पर्सनॅलिटीचं बाजूला ठेवू. मी पुण्यात ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. डावीकडच्या सीटवर बसायचं, जादाच्या ब्रेकवर पाय ठेवायचा आणि शिकणारा माणूस कसा बसलाय ते दिवसभर बघायचं, हा माझा धंदा. त्यावरून पहिलीच गोष्ट सांगतो ती तुम्हाला उलटी वाटेल. गाडी बघताना तुमच्या मापापासून सुरुवात करू नका, पत्नीच्या मापापासून करा. उंच माणसाला बहुतेक गाड्यांत कुठंतरी जागा सापडते. सीट मागं जाते, पाठ थोडी कलते, गुडघा जरा आखडतो, पण निभतं. कमी उंचीच्या माणसाला मात्र सीट पुढं, सीट वर आणि स्टीअरिंग स्वतःपासून लांब, अशा तिन्ही सोयी एकदम लागतात आणि स्वस्त व्हेरिएंटमध्ये त्यातली एकच मिळते.

होतं काय, ते बघा. क्लच तळापर्यंत दाबता यावा म्हणून बाई सीट पुढं ओढतात. सीट पुढं आली की स्टीअरिंग छातीशी येतं. बोनेट दिसत नाही म्हणून हनुवटी वर जाते आणि पाठ सीटपासून सुटते. सीटची बैठक त्यांच्या मांडीपेक्षा लांब असते, तिची कड गुडघ्यामागं रुतते, म्हणून त्या आणखी पुढं सरकून कडेवरच बसतात. अर्ध्या तासात मान आणि खांदे भरून येतात. घरचे म्हणतात, ‘हिची अजून भीती गेली नाही.’ भीतीचा तिथं काडीचा संबंध नसतो, गाडी अंगाला बसत नसते.

यात नुसता आरामाचा प्रश्न असता तर मी एवढा जोर दिला नसता. एअरबॅग स्टीअरिंगच्या मधोमध असते आणि पापणी लवायच्या आत फुगते. छातीचं मधलं हाड आणि स्टीअरिंगचा मध्य यांत निदान २५ सेंटिमीटर, म्हणजे दहा इंच अंतर असावं, असा अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेचा सल्ला आहे. गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या भारत एनकॅपच्या समोरून धडकेच्या चाचणीत ड्रायव्हरच्या जागी जो पुतळा बसवतात तो साधारण १७५ सेंटिमीटर उंचीच्या, ७८ किलो वजनाच्या पुरुषाच्या मापाचा असतो. समोरच्या धडकेचे गुण त्या पुतळ्याच्या बसण्यावर ठरतात. तारे बघाच, पण १५० सेंटिमीटरची बाई त्याच गाडीत पुतळ्यापेक्षा कितीतरी पुढं बसते हे लक्षात असू द्या. ते अंतर तुम्हालाच टेप धरून मोजावं लागेल.

मोजायच्या आधी नीट बसायला हवं, आणि त्याला क्रम आहे. बूड सीटच्या पार मागच्या कोपऱ्यात. मग क्लच तळापर्यंत दाबायचा, ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक जोरात दाबायचा, आणि तेव्हाही गुडघ्यात थोडा वाक राहील इतकी सीट पुढं घ्यायची. मग पाठ जवळजवळ सरळ, किंचित मागं कललेली. मग उंची. शेवटी स्टीअरिंग: खांदे पाठीला टेकलेले ठेवून हात लांब केला तर मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. लोक नेमकं उलटं करतात. आधी स्टीअरिंग धरतात आणि मग बाकीचं शरीर त्याच्याभोवती कसंबसं बसवतात.

आता तुमच्यासाठी माझं पहिलं ठाम मत: ऑटोमॅटिक घ्या. ट्रॅफिकचा कंटाळा हे कारण आहेच, सिंहगड रोडवर संध्याकाळी सातला अडकणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको. पण मापाचं कारण त्याहून मोठं आहे. तिन्ही पेडलांत तळापर्यंत, आणि तेही सारखं सारखं, दाबावं लागतं ते एकट्या क्लचला. क्लच गेला की पत्नीची सीट सहज दोनेक इंच मागं जाऊ शकते आणि छातीसमोरचं अंतर तेवढंच वाढतं. आणि तुमचा फायदा असा की क्लचवरून पाय उचलताना डावा गुडघा स्टीअरिंगच्या खालच्या बाजूला जो आपटतो, तो आपटायचा थांबतो. एएमटी, म्हणजे मॅन्युअलचेच गिअर आपोआप बदलणारी साधी ऑटोमॅटिक, घेतलीत तर मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नास हजारांच्या आगेमागे जास्त पडतात. गाडी हळू चालताना एएमटी थोडे झटके देते, ते आधी चालवून बघा. काहींना चालतं, काहींच्या डोक्यात जातं.

दुसरं, स्टीअरिंग. ‘ॲडजस्टेबल स्टीअरिंग आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. बहुतेक गाड्यांत ते नुसतं वर-खाली होतं, त्याला टिल्ट म्हणतात. तुम्हाला हवंय ते पुढं-मागंही सरकणारं, म्हणजे टेलिस्कोपिक. तुमच्या दोघांत पंधरा इंचांचा फरक आहे, तुमच्या घरात ही चैन नाही, गरज आहे. तिसरं, ड्रायव्हर सीटची उंची कमी-जास्त करणारा तो बाजूचा दांडा. इथं एक बारकावा आहे. सीट वर घेतली की रस्ता दिसतो, पण पाय जमिनीपासून उचलले जातात. पाऊल लहान असेल तर टाच जमिनीवर टेकवून चवडा ब्रेकवर पोचतो का, हे बघा. नाही पोचला तर प्रत्येक ब्रेकला अख्खा पाय हवेत उचलावा लागेल आणि नडगी दुखेल. ही तपासणी पत्नी रोज घालतात त्याच चपला-बुटांत करा. शोरूमला जाताना हील घालून गेलं तर सगळं माप खोटं निघतं.

उशी घेऊन भागेल का, असं तुम्ही विचारलंय. सोफ्याची मऊ उशी तर मुळीच नको. जोरात ब्रेक लागला की ती घसरते आणि अंग कमरेच्या पट्ट्याखालून पुढं जातं. घ्यायचीच असेल तर टणक फोमची, मागं जाड आणि पुढं पातळ, खालून न सरकणारी आणि सीटला बांधता येणारी. पण नवी गाडी घेतानाच उशीचा हिशेब करावा लागत असेल तर ती गाडी तुमची नाही.

आता तुमच्याकडे येऊ. डोक्यापासून सुरू करा. नीट बसल्यावर टाळू आणि छत यांत निदान चार बोटं जावीत. सनरूफ असेल तर तिची चौकट इंच-सव्वा इंच उंची खाते आणि तुमच्यासारख्याची सगळी शिल्लक तिथंच संपते. इथं कंपन्यांनी आपली गंमत करून ठेवलीय: टेलिस्कोपिक स्टीअरिंग मिळतं वरच्या व्हेरिएंटला आणि सनरूफही गळ्यात पडते त्याच व्हेरिएंटला. पत्नीला जे हवं त्याच्यासोबत तुम्हाला नको ते येतं. म्हणून सनरूफवाल्या गाडीत सीट सगळ्यात खाली घेऊन बसा आणि खड्ड्यात आदळल्यावर डोकं कुठं जाईल याचा अंदाज घ्या. कात्रजच्या रस्त्यावर तो प्रयोग आपोआप होतोच.

उंच माणसाची दुसरी अडचण काचेच्या वरच्या कडेची. सिग्नलला पहिल्या नंबरला उभे राहिलात की दिवा छताआड जातो आणि स्टीअरिंगवर वाकून बघावं लागतं. शिवाय मधला आरसा नेमका तुमच्या नजरेच्या रेषेत येतो आणि डावीकडून येणारी दुचाकी त्याच्यामागं लपते. पत्नीसाठी तेच काम समोरच्या काचेच्या बाजूचा खांब करतो, कारण त्या त्याच्या जवळ बसतात. नव्या गाड्यांचे हे खांब जाड झालेत. टेस्ट ड्राइव्हला एका चौकात उजवीकडे वळून बघा. खांबामागं अख्खी स्कूटर मावते.

मग मांडी. तुमच्याबाबतीत सीटची बैठक आखूड पडते, मांडीचा पुढचा भाग अधांतरी राहतो आणि सगळा भार बुडाच्या दोन हाडांवर येतो. दीड तासानं कंबर बोलायला लागते ती यामुळं. लोक कंबरेला उशी लावतात आणि दुखणं तिथंच राहतं. बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांत दोन-तीन बोटांचं अंतर चांगलं. तुमचा पूर्ण तळवा त्यात मावत असेल तर सीट आखूड आहे. पत्नीचं एक बोटही जात नसेल तर त्यांच्यासाठी ती लांब आहे. दोघांना एकच सीट तंतोतंत बसणार नाही. या एका ठिकाणी मी तडजोड पत्नीच्या बाजूनं करीन, कारण आखूड सीटवर तुमची मांडी फक्त लटकेल, पण लांब सीटवर त्यांची पाठच सुटेल.

वजनाचं बोलायला लोक संकोचतात, तुम्ही स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत. सीटच्या दोन्ही कडांना जे फुगवटे असतात त्यांच्यामधली सपाट जागा टेपनं मोजा आणि घरी खुर्चीवर बसून स्वतःच्या बैठकीची रुंदी मोजा. फुगवटे मांडीला बाहेरून दाबत असतील तर तासाभरात पायाला मुंग्या येणार. स्पोर्ट्स सीट म्हणून जे मिरवतात त्यात हा त्रास जास्त. मग पट्टा लावा. कमरेचा पट्टा पोटावर नाही, पोटाच्या खाली, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. बकल मांडी आणि मधल्या कप्प्याच्या बेचक्यात गडप होतं का, बघा. रोज चाचपडावं लागलं की माणूस पट्टा लावायचा टाळतो. काही जण तर बीप बंद करायची बनावट क्लिप अडकवतात. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन विक्रेत्यांना या क्लिपा काढून टाकायला लावल्या, तरी कुठं ना कुठं त्या दिसतातच. पत्नीच्या बाबतीत पट्टा मानेवर घासतो का ते बघा. बाजूच्या खांबावर पट्ट्याची उंची बदलायची सोय असेल तर तो खांद्याच्या मधोमध आणता येतो. ही छोटीशी सोयही खालच्या व्हेरिएंटमधून कापलेली असते.

गुडघ्यांची रुंदीही बघा. तुमचा डावा गुडघा गिअरभोवतीच्या प्लॅस्टिकच्या कप्प्याला टेकतो आणि उजवा दारावरच्या काचांच्या बटणांना. दहा मिनिटांत काही कळत नाही, पण लोणावळ्यापर्यंत गेलात की दोन्हीकडं लाल वळ उठलेले असतात.

एसयूव्हीबद्दल. बाहेरून थोराड गाडी आतून ऐसपैस असते, हा समज पुण्यात तरी टिकायला नको होता. १९९८ मध्ये इंडिका आली तेव्हा झेनच्या आकारात ॲम्बॅसेडरची आतली जागा, हीच रतन टाटांची कल्पना होती, आणि ती गाडी आपल्या पिंपरीत बनत होती. त्याच वर्षी सँट्रो आली, पुढच्या वर्षी वॅगन आर. ‘डब्बा’ म्हणून लोक हसले, आणि मग त्याच डब्ब्यांत पागोट्यासकट बसता येतं हे सगळ्यांना कळलं. आपल्याकडं छोट्या गाडीची कराची व्याख्या लांबी आणि इंजिनावर आहे: ४ मीटरच्या आत, पेट्रोल १२०० सीसी किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीला १८ टक्के जीएसटी आणि त्यापुढच्या गाडीला ४० टक्के. उंचीवर कर नाही. म्हणून कंपन्या लांबी चेपतात आणि माणसाला खुर्चीत बसल्यासारखं सरळ बसवतात. उंच माणसाला ते सोयीचंच आहे. मात्र तुमच्या मापाला सीट लावली की तुमच्या मागं कोणी बसू शकेल का, ते वेगळं तपासा. आधी तुम्ही पुढं नीट बसा, सीट न हलवता उतरा आणि मागं जाऊन बसा.

आईंना शोरूमला न्यायलाच हवं. ‘आई काय, कशातही बसेल’ असं म्हणून त्यांना घरी ठेवू नका. त्या चढतात कशा यापेक्षा उतरतात कशा, हे बघा. सीट फार खाली असेल, सेडानमध्ये असते तशी, तर उठताना सगळा जोर गुडघ्यावर येतो आणि हात आधार शोधत दाराच्या कडेवर जातो. सीट फार वर असेल, जसं स्कॉर्पिओसारख्या गाडीत, तर एक पाय उचलून चढावं लागतं आणि उतरताना पाय जमिनीला लागेपर्यंत जीव टांगणीला. सीटची कड त्यांच्या गुडघ्यापेक्षा थोडी वर, बुडाच्या थोडी खाली, हे माप सगळ्यात सोपं. पायदान बसवून देतो असं डीलर म्हणेल. अरुंद पायदानावर साडीचा घोळ अडकतो, त्यापेक्षा ते नसलेलं बरं. दार किती उघडतं तेही बघा. टाटाच्या अल्ट्रोज आणि पंचची दारं जवळजवळ काटकोनात उघडतात, गुडघा न वाकणाऱ्या माणसाला याचा खरा उपयोग होतो. आणि त्यांना बसायची पद्धत शिकवा: गाडीकडं पाठ, आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. बाहेर येताना तेच उलटं. त्यांची जागा पुढची डावी. मागच्या दारात, मधला खांब आणि सीट यांच्या बेचक्यात पाऊल अडकतं आणि तोल तिथंच जातो.

नावं मागितलीत, तर माझा कल सांगतो. वॅगन आर आईंना सगळ्यात आवडेल, १६७५ मिलिमीटर उंचीमुळं तुमचं डोकंही सुटेल. पण गाडीची रुंदी १६२० आहे आणि शेजारी कोणी बसलं की तुमचा खांदा त्याला लागेल. बलेनोच्या वरच्या व्हेरिएंटला टेलिस्कोपिक स्टीअरिंग मिळतं, पत्नीला ती झकास बसेल, पण गाडी १५०० मिलिमीटर उंच, सीट खाली, आईंची कुरकुर होणार. ब्रेझा तिघांच्या मध्ये येते: रुंदी १७९०, उंची १६८५, सीट मध्यम उंचीची, वरच्या व्हेरिएंटला टेलिस्कोपिक. ऑटोमॅटिक घेतलीत तर किंमत तुमच्या बजेटला घासून जाईल, कदाचित थोडी बाहेरही, आणि सनरूफचा प्रश्न तिथंही आहेच. सेकंड हँड चालत असेल तर काही वर्षांपूर्वी बंद झालेली होंडा जॅझ ऑटोमॅटिक शोधा. बाहेरून छोटी, आतून अघळपघळ, आणि मापाच्या बाबतीत अजून मला तिच्या तोडीची छोटी गाडी सुचत नाही. सर्व्हिसचे कागद मात्र चोख हवेत. मोठ्या मॉडेलचं खालचं व्हेरिएंट आणि छोट्या मॉडेलचं वरचं व्हेरिएंट, यात अडलात तर छोट्याचं वरचं घ्या. तुमच्या मापाला लागणाऱ्या सोयी तिथंच असतात.

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे ठरलेल्या गुळगुळीत रस्त्यावरचे तीन-चार किलोमीटर, एसी गार आणि शेजारी सेल्समन बोलत असतो. त्यात कंबरेला काही कळत नाही. एक-दोन नावं नक्की झाली की ती गाडी सेल्फ ड्राइव्ह भाड्यानं एक दिवस घ्या. सकाळी पत्नीनं शाळेच्या वेळेला चालवावी आणि गल्लीत रिव्हर्स लावून बघावी. दुपारी तुम्ही खंबाटकी ओलांडून साताऱ्यापर्यंत जाऊन या. परत आल्यावर लगेच काही ठरवू नका. रात्री जेवताना मान, कंबर आणि गुडघा यातलं कोण आठवण करून देतंय ते बघा.

दोघं आलटून-पालटून चालवणार असाल तर सीट रोज नव्यानं लावायचा वैताग येतो आणि मग कोणीतरी एक जण दुसऱ्याच्या मापात तसंच चालवतो. मेमरी सीट या बजेटमध्ये विसरा. सीटखालच्या पट्टीवर नेलपॉलिशच्या दोन खुणा करा, एक लाल, एक कुठल्याही दुसऱ्या रंगाची. सीट वर घ्यायचा दांडा सगळ्यात खालून किती वेळा ओढायचा तो आकडा पाठ करा. सीट बदलली की तिन्ही आरसे पुन्हा लावायचे, हे धरूनच चाला. डोक्यामागचा टेकू दोघांसाठी वेगळा: त्याची वरची कड डोक्याच्या टोकाच्या आसपास, निदान कानाच्या वर, आणि डोक्यापासून दोन इंचांच्या आत.

बुकिंग करताना एक काळजी घ्या. टेस्ट ड्राइव्हची गाडी बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या व्हेरिएंटची असते. तुम्ही मोजमाप घेतलंत ती सीट आणि ते स्टीअरिंग तुम्ही घेताय त्याच व्हेरिएंटला आहे का, हे कंपनीच्या ब्रोशरमधल्या तक्त्यात स्वतः बोट ठेवून बघा. मग पावतीवर व्हेरिएंटचं पूर्ण नाव लिहून घ्या आणि त्यानंतरच पैसे द्या.